पालिकेचा ठराव मोठा की राज्याचा कायदा?

महानगरपालिकेला चादरी किंवा गणवेशाचे कापड पुरविणाऱ्या आपल्या बांधवांना कचेरीत एक उत्तर हमखास मिळते, "आमचा तसा ठराव आहे." ते ऐकून माणूस गप्प बसतो. परंतु ठराव हा शेवटचा शब्द नव्हे. कोणाचा नियम कोणावर चालतो, हे आपण आज पाहू.

स्थानिक स्वराज्य हा विषय राज्यघटनेने राज्यसूचीत ठेवला आहे. म्हणून महानगरपालिका राज्याच्या कायद्यातून जन्म घेते. मुंबईला १८८८ चा कायदा लागू आहे. भिवंडी, मालेगाव, सोलापूर वगैरेंना १९४९ चा. कायद्याने दिला तेवढाच पालिकेचा अधिकार. त्याविरुद्ध केलेला ठराव कायद्यापुढे टिकत नाही. १९४९ च्या कायद्यातील कलम ४५१ प्रमाणे राज्य सरकार असा ठराव तहकूब किंवा रद्द करू शकते. तेव्हा निविदेतील एखादी अट कायद्याविरुद्ध वाटली, तर निविदा उघडण्यापूर्वीच आयुक्तांकडे लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी.

मात्र हाच कायदा आपल्यालाही बांधतो. करार ठरलेल्या रीतीने झाला नसेल, तर तो महानगरपालिकेवर बंधनकारक नाही, असे कलम ७४ सांगते. समजा, एखाद्या साहेबांनी तोंडी सांगितले व आपण ५०० चादरी पोहोचविल्या. साहेबांची बदली झाली की बिल अडकते. अशा वेळी भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७० उपयोगी पडते. माल फुकट द्यायचा नव्हता आणि समोरच्याने तो स्वीकारून वापरला, तर त्याची भरपाई मागता येते. बी. के. मंडल खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व सरकारलाही लावले. परंतु त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते आणि माल पोहोचल्याचा पुरावा आपल्यालाच द्यावा लागतो.

राज्याच्याही वर केंद्राचा एक कायदा आहे, २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. याविरुद्ध दुसरा कोणताही कायदा असला, तरी कलम २४ प्रमाणे हाच चालतो. मग "निधी आल्यावर बिल" ही पालिकेची अट कुठे उभी राहणार? तक्रार सुविधा परिषदेकडे करावी. उशिरावर व्याजाचीही तरतूद आहे. ते घ्यावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. मुद्दल तर हक्काचे आहे, ते सोडू नये.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. यंत्रमागवाला, शिलाई कारखानदार यांना हे संरक्षण आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती केवळ बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. आणि कारागिरांनी नोंदणी कराराआधी करावी. मागाहून केलेली नोंदणी जुन्या करारासाठी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

सूरह बकरहमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आपण ती घरच्या व्यवहारात पाळतो, मग कचेरीत का विसरतो? लेखी आदेश हाती आल्याशिवाय गाठोडे हलवू नये, आणि पोचपावतीवर सही, शिक्का व तारीख घेतल्याशिवाय परत फिरू नये.