प्रश्नपत्रिका तुमच्याच हातची

सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाहून, म्हणजे एसएसबीहून, परतलेली मुलं बोलायला लागली की गप्पा ठरलेल्या असतात. ग्रुप डिस्कशनचा कसा मच्छीबाजार झाला, पंजाबचा एक उमेदवार बर्मा ब्रिजवरून कसा पळत गेला, चेस्ट नंबर अमुकला पाहूनच कसं वाटलं की हा नक्की निवडला जाणार. एका कागदाचा विषय मात्र सहसा निघत नाही, कारण तो भरताना कुणाला घाम फुटलेला नसतो. नाव, गाव, गावची लोकसंख्या, वडिलांचा व्यवसाय आणि उत्पन्न, भावंडं, दहावी-बारावीचे गुण, खेळ, छंद, कधी काही जबाबदारी सांभाळली असेल तर ती. याला म्हणतात पर्सनल इन्फर्मेशन क्वेश्चनेअर, मुलांच्या भाषेत पीआयक्यू. मुलाखत घेणारा अधिकारी समोर ठेवतो तो हाच कागद. म्हणजे मुलाखतीची प्रश्नपत्रिका उमेदवार स्वतःच्या हातानं काढून देतो आणि बहुतेक जण ती घाईघाईत, शेजारच्याकडे डोकावत काढतात.

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका तरुणाची गोष्ट या बाबतीत सांगण्यासारखी आहे. पोरगा हुशार. सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या पदवीधरांची, लेखी परीक्षा घरीच अभ्यास करून पास झाला. मग पाहुण्यांनी, मित्रांनी भरीला घातलं म्हणून शहरातल्या एका क्लासला गेला. तिथं त्याला उत्तरांची वही मिळाली. ‘सैन्यात का यायचंय’चं उत्तर, ‘तुमच्यातला दोष सांगा’चं उत्तर, छंदांच्या रकान्यात काय लिहावं आणि काय लिहू नये, सगळं तयार. चीन, तैवान, युक्रेन यांवर तो न अडखळता दहा मिनिटं बोलू लागला.

मुलाखतीत तैवान आलंच नाही. अधिकाऱ्यानं चहा-पाण्याचं विचारलं, प्रवास कसा झाला ते विचारलं आणि मग कागदावर बोट ठेवलं.

“वडील शेती करतात. कसली?”

“ऊस, सर.”

“एकरी किती टन पडतो?”

पोराची बोबडी वळली. ऊस जन्मापासून पाहिलेला, खाल्लेला, पण वजनाच्या पावत्या कायम वडिलांच्या कोटाच्या खिशात. काहीतरी सांगायचं म्हणून त्यानं ठोकून दिलं, “दोनशे टन, सर.”

अधिकारी हसले. “मग तुमच्या वडिलांना भेटायलाच हवं. यंदा एफआरपी काय आहे?”

ते माहीत नव्हतं. लागण आडसाली असते की सुरू, खोडवा ठेवतात का, बिल किती दिवसांत मिळायला हवं, तेही नव्हतं. यातलं काहीच अवघड नाही. २०२४-२५च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३४० रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा उसाचा किमान दर, ठरवली होती आणि ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असा १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. त्या गावात पारावर बसलेला कुणीही म्हातारा हे झोपेत सांगेल. अधिकाऱ्याला शेतीचं ज्ञान तपासायचं नव्हतंच. ज्या घरात हा वाढला, ते घर कशावर चालतं याची चौकशी यानं कधी केली का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. उद्या तीस-चाळीस जवान याच्या हाताखाली येणार. त्यातल्या कुणाच्या घरी काय चाललंय हे हा विचारील का?

पुढं छंद. लिहिलं होतं ट्रेकिंग. शेवटचा ट्रेक कुठला? हरिश्चंद्रगड. कुठल्या वाटेनं? आता हरिश्चंद्रगडाला पाचनईची सोपी वाट आहे, खिरेश्वरची लांबची आहे आणि नळीची वाट म्हणजे भल्याभल्यांचा दम काढणारी. हा गेला होता कॉलेजच्या बसनं, पुढच्याच्या पाठीमागं चालत. वाटेचं नाव विचारायचं सुचलंच नव्हतं. आणि ‘स्वतःहून काय केलं’ या प्रश्नाला वहीतलं रक्तदान शिबिर त्यानं जसंच्या तसं सांगितलं. किती बाटल्या जमल्या, रक्तपेढी कुठली, त्यांच्याशी पत्रव्यवहार कुणी केला, असे तीन प्रश्न आले आणि शिबिर तिथंच कोसळलं.

यातली खरी चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा हा मुलगा शाळेत होता. गावच्या हायस्कुलात पूरग्रस्तांची सोय केलेली. कुणाला बीपीच्या गोळ्या लागतात, कुणाला शुगरच्या, कुणाच्या संपल्यात, याची यादी त्यानं स्वतःच्या वहीत केली आणि बोटीतून येणाऱ्या माणसांकडं रोज ती दिली. कुणी सांगितलं नव्हतं. क्लासमध्ये हे कधी निघालं नाही आणि आपलं हे काम ‘जबाबदारी’च्या रकान्यात बसतं, असं त्याच्याही मनात आलं नाही. म्हणून मंडळासमोर गेलं ते न झालेलं रक्तदान. झालेला पूर घरीच राहिला.

क्लासना सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. मैदानावरचे नियम, वेळेचं गणित, दहा जणांसमोर तोंड उघडण्याची सवय या गोष्टी तिथं मिळतात आणि खेड्यातल्या मुलाला त्यांची गरजही असते. पण तयार उत्तरं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा शर्ट. बटणं लागतात, हात वर केला की उसवतो.

ते उसवणं दिसतं कसं, हे समजायला या पद्धतीचं मूळ पाहावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात भराभर अधिकारी हवे होते आणि नुसत्या घराण्यावरून, शाळेवरून केलेल्या निवडी फसत होत्या, म्हणून १९४२मध्ये ब्रिटननं मानसशास्त्रज्ञांना हाताशी धरून नवी निवड मंडळं काढली. पुढल्या वर्षी ती पद्धत भारतात आली. आजही तिची तीन अंगं कायम आहेत. मानसशास्त्रज्ञ लिहिलेलं वाचतो, मुलाखत घेणारा बोललेलं ऐकतो आणि मैदानावरचा अधिकारी, म्हणजे जीटीओ, केलेलं पाहतो. मनसा, वाचा, कर्मणा. तिघं आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात. ते एकत्र येतात शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सला. कागदावरचा धाडसी नायक मैदानावर फळीच्या टोकाला जाऊन थिजला, तर तिघांच्या वह्या जुळत नाहीत. गुण पंधरा शोधले जातात, पण शोधण्याची रीत ही अशी ताळा जमवण्याची.

पहिल्या दिवशीची चाळणीच कडक असते. बुद्धिमापनाची चाचणी, मग पडद्यावर अर्धा मिनिट एक धूसर चित्र. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, ती गटाला सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. मच्छीबाजार होतो तो इथं. कित्येक जण त्याच दुपारी बॅग उचलतात.

दुसरा दिवस लेखणीचा. अकरा चित्रं, शेवटी एक कोरी स्लाइड, प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट. मग साठ शब्द, एकेका शब्दाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य. मग तीस मिनिटांत साठ प्रसंग: तुम्ही असता तर काय केलं असतं? शेवटी आई-वडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात आणि तुम्ही काय म्हणता, ते पंधरा मिनिटांत. हार्वर्डमध्ये मरे आणि मॉर्गन यांनी १९३०च्या दशकात चित्रावरून गोष्ट लिहायची ही चाचणी आणली, ती मुळात अशासाठी की धूसर चित्रात माणूस आपलंच काहीतरी पाहतो. आपल्या सांगलीकरानं काय पाहिलं? बहुतेक चित्रांत त्याला कॅप्टन दिसले. कुणी बुडती मुलगी वाचवली, कुणी अतिरेकी पकडले. साठ शब्दांपुढं मात्र वहीतली सुभाषितं संपली, वेळ पळत होता आणि हातून भलतंच काहीतरी उतरत गेलं. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराला त्याआधी भेटलेला नसतो. त्याच्या हाती फक्त हा गठ्ठा. शंभर कॅप्टन वाचलेल्या माणसाला एकशे एकावा काय सांगणार? त्यापेक्षा गावची पाणीपुरवठ्याची मोटर जळाल्यावर वर्गणी काढून ती दोन दिवसांत बसवणारा नायक बरा. चार मिनिटांत तो लिहून होतो, कारण तो पाहिलेला असतो.

मैदानावरची भाषा सगळ्या देशाची एक आहे: फट्टा, बल्ली, रस्सी. एवढ्या सामानावर सगळ्या गटानं अडथळे पार करायचे. लाल रंगाला ना माणसाचा स्पर्श चालतो ना सामानाचा. इथं ओरडून हुकूम सोडणारा ‘लीडर’ भाव खाऊन जातो, अशी गावोगावी समजूत आहे. प्रत्यक्षात फळी नेमकी कुठं टेकेल हे दाखवणारा, मागं राहिलेल्या जाड्या सोबत्याला हात देणारा आणि दुसऱ्याची युक्ती आपल्यापेक्षा चांगली असेल तर ती उचलून धरणारा असे तिघं जीटीओच्या नजरेतून सुटत नाहीत. वैयक्तिक अडथळे दहा आणि वेळ तीन मिनिटं. त्याची तयारी वाचून होत नाही. दोरीवर चढायचा सराव झाडाला दोर बांधूनही होतो आणि तो दोन-तीन महिने आधी सुरू करावा लागतो, बोलावणं आल्यावर नव्हे.

इंग्रजीची धास्ती हा मराठी माध्यमाच्या मुलांचा जुना आजार. संवाद इंग्रजीत होतो हे खरं. पण तिथं वक्तृत्व स्पर्धा नसते. साधी, छोटी, सरळ वाक्यं पुरतात. व्याकरण घसरलं तरी मुद्दा पोचला तर काम होतं, आणि मुद्दाच नसेल तर सफाईदार इंग्रजीनं तो झाकला जात नाही. रोज घरात कुणाला तरी दिवसभराची हकीकत पाच मिनिटं इंग्रजीत सांगावी. समोरच्याला नाही कळली तरी चालेल.

दुसरी समजूत वशिल्याची. ‘कुणी ओळखीचं आहे का मिलिटरीत?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५च्या नोव्हेंबरमध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सैन्यात जायचं ठरवलं, तेव्हा त्यांना सवलत मिळाली ती वयाची. एसएसबीच्या सगळ्या पायऱ्या त्यांना चढाव्याच लागल्या, पुढं चेन्नईच्या अकादमीतलं प्रशिक्षणही, आणि २०१७च्या सप्टेंबरमध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. याहून जास्त काय सांगायचं?

नकार आलेल्यांची यादीही मोठी आणि मानाची आहे. अब्दुल कलाम डेहराडूनला हवाई दलाच्या मंडळासमोर गेले होते. जागा आठ, उमेदवार पंचवीस, कलाम नववे.

आपला सांगलीकरही कॉन्फरन्सपर्यंत पोचून परतला. सध्या तो पुढच्या बोलावण्याची वाट पाहतोय आणि दरम्यान गावातल्या चार-दोन पोरांना घेऊन रविवारी बसतो. पहिलं काम म्हणजे पीआयक्यूचा कोरा कागद. तो घरी न्यायचा, वडिलांसमोर बसून भरायचा. वडील सुतार असोत, कंडक्टर असोत की पतपेढीत कारकून, त्यांचा कामाचा दिवस कसा जातो ते विचारून यायचं. पगार, कर्ज, बहिणीच्या शिक्षणाचा खर्च, सगळं. मग कागदावरच्या प्रत्येक शब्दावर दुसऱ्यानं तीन प्रश्न टाकायचे: काय, कसं आणि का? ‘वाचन’ लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कुठलं, त्यातलं काय पटलं नाही. अकरावीत गुण घसरले असतील तर कारण स्वतःचं हवं, शिक्षकांवर ढकललेलं नको. जो शब्द तिसऱ्या प्रश्नाला टिकत नाही, तो खोडायचा किंवा पुढच्या सहा महिन्यांत खरा करून दाखवायचा. एकानं व्हॉलीबॉल खोडला. दुसऱ्यानं मात्र ‘बागकाम’ ठेवलं आणि आता तो खरोखरच कलमं बांधतोय.

याशिवाय एक सराव तो घेतोच, कारण तिथं अनेक जण गडबडतात. अधिकारी एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतो: दहावीपासूनचे गुण, आवडते-नावडते शिक्षक, मित्र कोण आणि तेच का, मोकळ्या वेळात काय करता. सगळे लक्षात ठेवून क्रमानं सांगायचं. एखादा सुटला तर ‘सर, एक राहिला, पुन्हा सांगाल का?’ असं विचारलेलं चालतं. बनवाबनवी चालत नाही.

ज्यांना आधार हवा त्यांच्यासाठी राज्यात सोयी आहेत, पण त्या फार जणांना ठाऊक नसतात. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७पासून दहावीनंतरच्या मुलांना एनडीएसाठी, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, घडवते आहे. नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था अलीकडे सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींना उघडलं आणि २०२५च्या मे महिन्यात १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. पदवीधरांसाठी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात सैनिक कल्याण विभाग एसएसबीचे मोफत वर्ग घेतो. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

एनडीएच्या गुणवत्ता यादीत लेखीचे ९०० आणि एसएसबीचे ९०० असे सारखेच गुण धरले जातात, तरी मुलं वर्षभर गणित घोटतात आणि एसएसबीसाठी पंधरवडा ठेवतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याला रेल्वेचं थर्ड एसीचं भाडं मिळतं, तेव्हा तिकीट जपून ठेवावं. मूळ प्रमाणपत्रं आणि त्यांवरची नावं, जन्मतारखा जुळतात का ते घरीच पाहावं. आणि निवड झाली तरी पुढं लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी असते. तिथं तात्पुरतं अपात्र ठरवलं, तर ४२ दिवसांच्या आत अपिलाच्या तपासणीला हजर राहावं लागतं. चढलेलं वजन, कानातला मळ, किडलेले दात यांसारख्या गोष्टींसाठी ही पळापळ कशाला? बोलावणं आलं की एकदा दाताच्या आणि एकदा कानाच्या डॉक्टरकडं जाऊन यावं.