साखळी नेमकी स्पर्धेतच का तुटते?

अंबाजोगाई

चि. भाचीस,

खो-खोच्या सरावात एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळणं, सहज खेळणारी मुलगी स्पर्धेत पहिल्या दोन-तीन खोंतच बाद झाली की सगळे म्हणतात, घाबरली. तुलाही तेच ऐकावं लागलं आहे. मला हे कारण अपुरं वाटतं. भीती नवख्या मुलीला जास्त वाटते. मग मुरलेल्या खेळाडूची साखळी का बिघडावी? एक उदाहरण घे. परदेशात कुत्र्यांच्या अडथळा शर्यती होतात, १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवलेल्या. त्यांत ६० सेंटिमीटरवर एक असे १२ दांडे ओळीने उभे असतात. कुत्र्याने पहिला दांडा डाव्या खांद्याशी घेऊन आत शिरायचं आणि नागमोडी पळत बाहेर पडायचं. घरी एकही दांडा न चुकवणारं अनुभवी कुत्रं तिथेही स्पर्धेत चुकतं. मालकाचा ताण कुत्र्याला जाणवतो, हे खरंच. पण पदकाची चिंता त्याला नसते. घरी दांडे त्याच जागी असतात आणि ते त्याच वळणावरून येतं. स्पर्धेत मांडणी दर वेळी नवी, वेगही जास्त. त्याला दांडे येत नसतात असं नाही, तिथे शिरण्याचा तो कोन त्याने केलेला नसतो.

तुझं मैदान २७ बाय १६ मीटरचं, मधल्या पाटीत आठ जणी आळीपाळीने उलट-सुलट तोंड करून बसलेल्या. रोज त्याच आठ मुली. कोण सावकाश उठते, कोण झेपावते, हे तुझ्या पायांना पाठ झालं आहे, आणि सराव सुरू होतो तोही साखळीच्या पहिल्या पावलापासून. सामन्यात मात्र खांबाजवळून निसटून, तिरक्या अंगाने, पूर्ण वेगात साखळीत शिरावं लागतं. समोरची बैठक अनोळखी, पायाखाली मातीऐवजी मॅट. मग तू पावलांकडे लक्ष देऊ लागतेस आणि तिथेच घात होतो. २००२ साली अमेरिकेत संशोधक बायलॉक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंना शंकूंमधून चेंडू न्यायला लावला. चेंडूला पायाची कोणती बाजू लागते याकडे लक्ष द्यायला सांगताच अनुभवी खेळाडू त्यांच्या सरावाच्या पायाने मंदावले; नवख्यांना मात्र तेच लक्ष उपयोगी पडलं. म्हणून ‘पायाकडे बघ’ ही सूचना नव्या मुलीला ठीक, तुला नाही.

यावर उपाय म्हणजे सरावातच बैठक बदलत राहणं. तुमचे सर म्हणतील, रोज बैठक बदलली तर पाया कच्चा राहील. पहिल्या वर्षात त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचाली शिकवून पाहिलं: एकच हालचाल ओळीने घोटणारे शिकताना पुढे होते, आणि हालचाली उलटसुलट क्रमाने करणारे शिकताना मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत हेच सरस ठरले. सरावात अडखळणं म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे, हे सरांना पटवणं अवघड जाईल. पालकांना त्याहून अवघड. पण त्यांना हे उदाहरण दे: मूळच्या आपल्या केज तालुक्यातल्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारतीय महिला संघाने खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. त्या एका आठवड्यात दक्षिण कोरिया, इराण, मलेशिया, बांगलादेश, दक्षिण आफ्रिका यांच्या वेगवेगळ्या बैठकींतून वाट काढत अंतिम फेरीत नेपाळवर ७८-४० अशी मात केली. एकाच बैठकीवर पोसलेल्या पायांना असा आठवडा झेपला नसता.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घे. गुडघा किंवा घोटा दुखत असेल तर वळताना शरीर आपोआप हात राखतं, आणि बाहेरून ते भीतीसारखंच दिसतं. दुखणं असेल तर लपवू नकोस, डॉक्टरांना दाखव. नसेल, तर या आठवड्यापासून सरांना विनंती कर: बैठकीत मुलांच्या संघातले आणि धाकटे खेळाडू मिसळून बसवा, मला कधी खांबापासून, कधी मैदानाच्या कोपऱ्यातून साखळीत शिरू द्या, आणि पूर्ण साखळीपेक्षा पहिले दोन खो जास्त वेळा घ्या.

तुझा मामा