फुलपाखरूं रंगवितांना

लहान मुलांच्या हातीं रंगवही दिली, कीं तीं बहुधा पहिल्यानें फुलपाखराचें पान उघडतात. मोठ्यांसही तें बरें वाटतें; कारण फुलपाखरास कोणताही रंग दिला तरी तें शोभतें, अशी सर्वांची समजूत आहे. मुलांच्या हौसेआड येण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. परंतु ज्या मुलानें छापील फुलपाखरें शंभर रंगविलीं आणि कुंपणावरचें एकही नीट न्याहाळलें नाहीं, त्याचा हात वळला, डोळा मात्र तसाच राहिला, असें आम्हांस वाटतें. म्हणून रंगाच्या पेटीस हात लावण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं आमच्याबरोबर थोडें बाहेर यावें.

नांदूरघाटच्या कोणत्याही वाटेनें गांवाबाहेर पडलें, तर बांधावर किंवा पडक्या भिंतीशीं रुईचें झुडूप दिसेल. मारुतीच्या माळेसाठीं लोक तिचीं पानें नेतात. एरव्हीं ती निरुपयोगी म्हणून उपटली जाते. पावसाळ्यानंतर ह्याच रुईभोंवतीं एक नारिंगी-तपकिरी फुलपाखरूं सावकाश फिरत असतें. त्याच्या पुढच्या पंखांचीं टोकें काळीं असून त्या काळ्या रंगांत पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असतो. मागच्या प्रत्येक पंखाच्या मध्यभागीं काळे ठिपके असतात, ते मोजावे. तीन असले तर ती मादी, आणि चौथा ठळक ठिपका असला तर तो नर. मग पाय मोजावे. कीटकास सहा पाय असतात, असें आपण पुस्तकांत शिकतों. येथें चारच दिसतील. ह्या जातींत पायांची पहिली जोडी अगदीं आंखूड असून छातीशीं दुमडलेली असते. छापील चित्रांत ही मौज कोठून सांपडावयाची?

आतां ह्या रंगाचें कारण पाहूं. मादी रुईच्या पानावर एकेक अंडें घालते. त्यांतून निघालेली अळी रुईचीं पानें खाऊनच वाढते, व चिकांतील विष तिच्या अंगांत साठतें. तेंच पुढें फुलपाखरांतही उतरतें. एकाद्या पक्ष्यानें असें फुलपाखरूं खाल्लें, तर त्यास ओकारी होते आणि तो नारिंगी रंग त्याच्या चांगला ध्यानांत राहतो. म्हणजे हा पोषाख नटण्यासाठीं नसून इशारा देण्यासाठीं आहे. ह्याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. दुसऱ्या एका जातीची अळी आपल्या घोळीच्या भाजीवर वाढते. त्या जातीच्या अंगीं तें विष नाहीं. परंतु तिची मादी रुईवरच्या फुलपाखराचाच हुबेहूब वेष धारण करते आणि पक्ष्यांपासून बचावते. तिचा नर मात्र काळा असून त्याच्या पंखांवर जांभळट कडांचे मोठे पांढरे ठिपके असतात. निर्मात्यानें रंग किती विचारपूर्वक योजिले आहेत, हें ज्या मुलास कळलें, तें नारिंगी खडू उचलतांना क्षणभर थांबेल.

फुलपाखरूं त्याच्या झाडासह पाहावें, हा धडा जगास एका स्त्रीनें चित्रांतून दिला. मारिया सिबिल्ला मेरियन ही १६४७ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथें जन्मली. किडे चिखलांतून आपोआप उपजतात, असें त्या काळीं पुष्कळ लोक मानीत. मेरियननें मुलगी असतांनाच रेशमाचे किडे पाळले आणि १६७९ सालीं सुरवंटांवर आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. एकाच पानावर झाड, अळी, कोश आणि फुलपाखरूं काढण्याची तिची रीत होती. पुढें १६९९ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, ती आपल्या मुलीसह दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामला गेली, व तेथील कीटकांचें तिचें प्रसिद्ध पुस्तक १७०५ सालीं निघालें.

तिचीच रीत आपण घरीं चालवूं. एका कोऱ्या कागदावर रुईची डहाळी काढावी. पानावर पांढऱ्या, काळ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी काढावी. तिच्या पाठीवर लांब काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असतात, त्या विसरूं नयेत. पानाखालीं उलटा टांगलेला हिरवट किंवा फिकट गुलाबी कोश काढावा आणि वर फुलपाखरूं. पंखांच्या चारी पाकळ्या छातीपासून निघतात, पोटापासून नव्हे. आणि मिशांचीं टोकें गांठीसारखीं जाड असतात.

रंग विकत आणलेच पाहिजेत असें नाहीं. हळद पाण्यांत कालवून पिवळा रंग होतो. तिच्यांत चिमूटभर चुना मिसळला कीं तांबूस छटा येते. पळसाचीं वाळलेलीं फुलें उकळलीं तर नारिंगी पाणी मिळतें. दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यांत खललीं म्हणजे उत्तम काळा रंग तयार होतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या जागीं कागद कोराच ठेवावा. अगदीं लहान मुलांसाठीं कागद मधोमध दुमडून एका बाजूस अर्धें फुलपाखरूं ओल्या रंगानें काढावें व घडी दाबावी. उघडतांच दोन्ही पंख सारखे उमटतात. चुना व रुईचा चीक डोळ्यांस फार अपाय करतात. तेव्हां हीं कामें मोठ्यांनीं जवळ बसून करवावीं.

फुलपाखरूं मात्र धरूं नये, व त्यास दोरा तर कधींच बांधूं नये. पंख चिमटींत धरले म्हणजे बोटांस जी भुकटी लागते, ती म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले होत. सारा रंग त्यांतच असतो, आणि गेलेले खवले पुन्हां येत नाहींत.

शेवटीं दोन शब्द पालकांस. २०१५ सालीं महाराष्ट्रानें ‘नीलवंत’ ह्या काळ्या-निळ्या फुलपाखरास राज्याचा मान दिला. असा मान देणारें हें भारतांतील पहिलें राज्य होय. नीलवंत सह्याद्रीच्या दमट रानांत विशेष आढळतो, आणि त्याची अळी लिंबाच्या वर्गांतील झाडांवर वाढते. आपल्या परसांतील लिंबावर व कढीनिंबावरही त्याचें एक भावंड वाढत असतें. त्याची अळी लहानपणीं पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व पुढें हिरवी होते. ती दिसतांच आपण चपलेखालीं चिरडतों, आणि त्याच सायंकाळीं मुलास फुलपाखरांची रंगवही आणून देतों! झाड मोठें असेल तर चार पानें तिला खाऊं द्यावीं. रोप लहान असेल तर ती काडीनें उचलून मोठ्या झाडावर ठेवावी. बांधावरची एकादी रुईही राखावी. मुलांना चांगलें चित्र काढावयास शिकविण्याची इच्छा असेल, तर चित्रांत काढण्याजोगें कांहीं त्यांच्या दारीं शिल्लक राहूं देणें, ही आपली पहिली जबाबदारी आहे.