ट्रॅक्टरचे फिल्टर आणि हंगामाचे तास



ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, लागण, खते यांवर लिहावे, इंजिनात हात घालू नये, असे कुणी म्हणेल. पण ट्रॉली वाटेत उभी राहिली की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि टोळी फडात बसून राहते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा असे आम्हीच तुम्हाला सांगत असतो. मग तो ओढणाऱ्या इंजिनाबद्दल बोलणे भागच आहे.

आमची एक चूक आधी सांगतो. एका हंगामात आमच्या गटातला एक ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला, चढाला दम धरीना. मालकाने विचारले तेव्हा आम्ही छातीठोकपणे सांगून टाकले, "डिझेल पंप गेला." पंप उतरवून तालुक्याला नेला. तीन दिवस मोडले, पंपात काहीच निघाले नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने एअर क्लीनरची वाटी सोडली. आत तेलाऐवजी काळा चिखल, आणि वरच्या जाळीत पाचटाचा भुगा गच्च! तोवर तोडलेली एक खेप फडातच वाळली होती. मालक आम्हाला एका शब्दाने बोलला नाही, ते अजून बोचते.

इंजिन हवा किती ओढते याचा हिशेब करून बघा. अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या करीत असेल तर दर दोन फेऱ्यांना एकदा सिलिंडर हवेने भरतात. म्हणजे मिनिटाला सुमारे २५०० लिटर. थोडी कमी धरली तरी दर मिनिटाला दहा बॅरल हवा, आणि तीही फडातल्या धुरळ्याची. ही माती आत जाऊन तेलात मिसळली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखे काम करते. रिंगा आणि लायनर मग फार दिवस पुरत नाहीत.

जुन्या ट्रॅक्टरना तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. हंगामात ती वाटी रोज उघडून पाहावी. इंजिन बंद करून, ट्रॅक्टर सपाटीला लावून, तेल खाली उतरू द्यावे आणि मग वाटी सोडावी. तळाला गाळ दिसला, तेल दाट झाले, की ते टाकून द्यावे (पाटात किंवा विहिरीजवळ नव्हे!). वाटी व जाळी डिझेलने धुवावी, निथळू द्यावी, पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचेच तेल खुणेपर्यंत भरावे. "जरा जास्त घातलं तर काय बिघडतंय?" असे पुष्कळजण म्हणतात. बिघडते. जादा तेल इंजिनात ओढले जाते, निळा धूर येतो, कधी इंजिन आवरेनासे पळते. कमी असले तर धूळ सरळ आत. तिथला रबरी होज आणि क्लिपाही बघाव्यात. होजच्या आत बोट फिरवून धूळ लागली, तर कुठेतरी फट आहे हे नक्की समजा.

नव्या ट्रॅक्टरना कागदी फिल्टर असतो. तो पाण्याने वा डिझेलने धुवू नये. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरखाली जोरात धरला की कागद फाटतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. हवा हलक्या दाबाने, आतून बाहेर मारावी. मग आत बल्ब धरून पाहावे, उजेडाचा ठिपका दिसला की फिल्टर गेला. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो.

डिझेलचे दोन फिल्टर असतील तर दोन्ही एकाच वेळी बदलू नयेत. बदलताना पडलेला कण अडवायला एक तरी जुना, बसलेला फिल्टर मध्ये राहावा. वायसर नवे घालावेत. नंतर हवा काढायला विसरू नये: वरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहावे, बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. इंजिन तेलाचा फिल्टर मात्र तेलाबरोबरच बदलावा. जुन्या फिल्टरमधून नवे तेल फिरवण्यात काय अर्थ?

आता कधी बदलायचे? जीपचे किलोमीटर मोजतात, ट्रॅक्टरचे तास. गाडीतळावर नंबर येईतो इंजिन चालू ठेवले तर तेही तास धरावेत. तेलाला २५० तासांची मुदत असेल आणि इंजिन रोज दहा तास चालत असेल, तर ती पंचवीस दिवसांत संपते. "दिवाळीत बदललं होतं" हा हिशेब इथे चालत नाही. आपल्या ट्रॅक्टरची मुदत त्याच्या पुस्तकात पाहावी. तासांचा मीटर बंद असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, तोवर रोजचे तास वहीत मांडावेत. आणि नवा फिल्टर बसवला की त्याच्यावरच तारीख व तास रंगाने लिहावेत, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी विचारत बसावे लागणार नाही.