घर बघा, तेही मे महिन्यात

प्रश्न : नोकरीतल्या बदलीमुळे पुण्याहून बुलढाण्याला येत आहे. विदर्भाच्या उन्हाळ्याची धास्ती वाटते. घर पावसाळ्यानंतर शोधावं का?

उत्तर : नको, मे महिन्यातच शोधा. शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं आहे, त्यामुळे इथला उन्हाळा तुम्हाला वाटतो तितका कडक नसतो. राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघालात की झळा वाढतात. तरीही वरच्या मजल्यावरचं घर दुपारी चारला बघा, पश्चिमेच्या भिंतीला हात लावा. नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे घरमालकापेक्षा शेजारच्या काकूंना विचारा. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवाच. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. गच्ची वापरायला मिळणार का, तेही आधीच बोलून घ्या. कुरडया-पापड वाळवायला ती लागतेच, आणि रात्री वाऱ्याला अंथरूण टाकायलाही.

उन्हाळ्यात इथे आलात तर अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ चुकवू नका. संध्याकाळी शेतात घट मांडतात : भोवती १८ धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, वर पापड, कुरडई. रात्री तिथे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणते दाणे हलले, कोणतं ढेकूळ भिजलं हे पाहून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. त्याला शास्त्राचा आधार नाही, पेरणी हवामान खात्याचा अंदाज बघूनच करावी. पण ते ऐकायला जमलेल्या शेतकऱ्यांमध्ये उभं राहिल्यावर हा जिल्हा पावसाची वाट कशी बघतो ते कळतं. पहाटेचं गाठायचं तर आदल्या रात्री जळगाव जामोदलाच मुक्काम करा.