फोटोतली माहिती खरंच हरवली आहे का? एक्झिफटूल वापरून शोधूया



वृक्षारोपणाचा फोटो काढला की चित्रासोबत बरीच माहिती फाइलमध्ये साठते: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. अशा एकेका नोंदीला टॅग म्हणतात. हे टॅग वाचण्यासाठी एक्झिफटूल हे मोफत साधन आहे. फिल हार्वी यांनी ते २००३ मध्ये आणलं. यात बटणं नाहीत, आज्ञा टाइप करावी लागते.

अडचण अशी की कधीकधी हवा तो टॅग दिसतच नाही. अशा वेळी तीन शक्यता याच क्रमाने तपासा.

१. टॅग आहे, पण दिसत नाही

पडद्यावर साधारणपणे टॅगचं वर्णन दिसतं, खरं नाव थोडं वेगळं असतं. ‘डेट/टाइम ओरिजिनल’ असं सुटं दिसलं, तरी मागताना ‘डेटटाइमओरिजिनल’ असं जोडूनच लिहायचं. नाव चुकलं तर साधन तसं सांगत नाही, गप्प बसतं. फोटोत टॅग नसला तरीही गप्पच! म्हणून आधी पूर्ण यादी काढा:

एक्झिफटूल -ए -जी१ -एस फोटो.जेपीजी

(टाइप करताना सगळं इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि तुमच्या फाइलच्या नावासह.)

‘-ए’मुळे एकाच नावाचे सगळे टॅग दिसतात, एरवी त्यातला एकच दिसतो. ‘-जी१’ टॅगचा गट दाखवतो आणि ‘-एस’ खरं नाव. गट महत्त्वाचा आहे, कारण फोटोचं वर्णन एक्झिफ, आयपीटीसी आणि एक्सएमपी या तिन्ही गटांत वेगवेगळ्या नावांनी राहू शकतं. एका ॲपमध्ये लिहिलेलं वर्णन दुसऱ्यात दिसत नाही, ते बऱ्याचदा यामुळेच.

२. टॅग वाटेत गळला

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि लोकेशनसारखी माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल तशीच पोचते. स्क्रीनशॉट ही तर नवीच फाइल, त्यात मूळ फोटोचे टॅग येत नाहीत. ज्या फोनवर फोटो काढला त्यातली मूळ फाइल मागवा आणि दोन्हींवर वरचीच आज्ञा चालवा. फरक लगेच कळेल.

एक सावधगिरी घ्या. ‘फाइलमॉडिफायडेट’ ही कॉम्प्युटरवरच्या फाइलची तारीख आहे, डाउनलोड केल्यावर ती बदलू शकते. तिला फोटो काढल्याची तारीख समजू नका.

३. टॅग नोंदलाच नव्हता

फोटो काढताना लोकेशन बंद असेल, तर कुठलंही साधन ते परत आणू शकत नाही. नोंद हाताने भरता येते, पण अक्षांशासोबत उत्तर की दक्षिण आणि रेखांशासोबत पूर्व की पश्चिम, हे वेगळे टॅगही भरावे लागतात. आणि हाताने भरलेलं लोकेशन पुरावा म्हणून देऊ नका, ‘नंतर भरलं’ हे सांगा.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी

‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ असं धरून चालणं इथे धोक्याचं आहे. घरी काढलेल्या वाढदिवसाच्या फोटोत घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात. फोटो बाहेर देण्याआधी ही आज्ञा द्या:

एक्झिफटूल -ऑल= फोटो.जेपीजी

यानंतर त्याच फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी ‘_ओरिजिनल’ लागलेली जुनी प्रत राहते. तिच्यात लोकेशन जसंच्या तसं असतं, ती चुकून पाठवू नका. फोटो कोणत्या बाजूने उभा धरला होता ती नोंदही पुसली जाते, त्यामुळे तो आडवा दिसू शकतो. शेवटी पहिली आज्ञा पुन्हा चालवून खात्री करा.

वर्गासाठी उपक्रम

शाळेच्या मैदानाचे दोन फोटो काढा, एक लोकेशन चालू ठेवून आणि एक बंद ठेवून. दोन्ही फोटो म्हणून पाठवा, मग डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोणत्या फाइलमध्ये लोकेशन सापडेल याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहू द्या आणि मग तपासा. चारपैकी एकाच फाइलमध्ये ते का सापडलं, हे मुलांकडूनच वदवून घ्या.