आधी नोंदवही, मग प्रस्ताव

बेटा, परवा फोनवर तू म्हणालीस, "मामाजी, जाहिरात निघाली आहे, महिनाभर हातात आहे, तलावांवर काय लिहू?" तेव्हा मी फारसं बोललो नाही, लिहून पाठवतो म्हणालो. नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत पंचवीसेक वर्षं मी प्रकल्पांचं काम पाहिलं. प्रस्ताव बांधायचे, अंदाजपत्रक करायचं, पैसे आले की हिशेब ठेवायचा आणि तपासणी आली की कपाट उघडून समोर उभं राहायचं. मंजूर झालेले प्रस्ताव पाहिले, परत आलेले त्याहून जास्त पाहिले. आता भंडारा जिल्ह्यातल्या करडीला घरी बसून जे आठवतं, ते तुम्हां चौघींच्या नव्या संस्थेला देतो.

जाहिरात निघाल्यावर "काय लिहू" असा प्रश्न पडला, तर ती जाहिरात आपल्यासाठी नाही असं समज आणि सोडून दे. निवड समितीपुढे प्रस्तावांचा ढीग असतो. तलाव महत्त्वाचे आहेत, पाणी कमी होतंय, जैवविविधता धोक्यात आहे, हे त्या ढिगातल्या प्रत्येकाने लिहिलेलं असतं आणि समितीतल्या माणसांना ते आधीच ठाऊक असतं. ती माणसं एवढंच शोधत असतात, की हे काम याच लोकांनी, याच जागी का करावं. भंडारा हा तलावांचा जिल्हा, कोहळी समाजाने ते बांधले, 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' झाले, हे दिल्लीत बसूनही लिहिता येतं. पण एखाद्या तलावात ज्येष्ठात किती हात पाणी उरतं, बेशरम कुठल्या काठाने किती आत सरकली, ढिवरांच्या जाळ्यात कुठला मासा कुठल्या महिन्यापासून दिसेनासा झाला, हे इथे राहणाऱ्यालाच लिहिता येईल. तेसुद्धा नोंद असेल तरच. आठवण सांगितली की समिती मान डोलावते, नोंद दाखवली की प्रश्न विचारू लागते. प्रश्न यायला लागले की आपलं काम अर्धं झालं.

फलटणचं उदाहरण मनात ठेव. निंबकर कृषी संशोधन संस्था 1968 साली सुरू झाली, ती सरकारी नाही आणि मोठ्या शहरातही नाही. दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. सुंदरबनातली गारोल मेंढी अंगाने लहान, पण जुळी-तिळी देणारी. गारोलचा हा गुण दख्खनीत आणायचा, म्हणजे धनगराचं उत्पन्न वाढेल, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचा निधी मिळाला. ऑस्ट्रेलियाला फलटणच्या मेंढीशी काय करायचं, असं तुला वाटेल. त्यांच्याकडच्या बूरूला मेरिनो मेंढीतही जुळ्यांचा गुण होता आणि तो अठराव्या शतकाच्या अखेरीला बंगालहून तिकडे गेलेल्या मेंढ्यांकडून आला असावा, असं तिथले शास्त्रज्ञ मानत होते. म्हणजे निधी देणाऱ्यालाही त्या प्रश्नात स्वतःचं काहीतरी शोधायचं होतं. 2001 मध्ये हा गुण देणाऱ्या जनुकातला नेमका बदल सापडला आणि रक्ताच्या नमुन्यावरून जनुक आहे की नाही ते सांगता येऊ लागलं. तपासणीची प्रयोगशाळा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची होती, आनुवंशिकीची आकडेमोड करायला ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं होती. फलटणकडे कळप होते, धनगरांशी ओळख होती आणि कुठल्या मेंढीला कधी किती कोकरं झाली याची वही होती. तिथूनच 'नारी सुवर्णा' ही जात पुढे आली.

यातून एवढंच उचल: जे आपल्याकडे नाही ते असल्याचं भासवू नये. महागडं यंत्र आपल्या प्रस्तावात टाकून कुणी मोठं होत नाही. यंत्र असलेल्या विद्यापीठाला सहसंस्था कर आणि त्यांच्या विभागप्रमुखांचं पत्र आधी घे. पाणी, गाळ, मासे, माणसं आपल्या नावावर ठेव. आणि निधी देणाऱ्याला या प्रश्नात काय हवंय, ते त्याच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या मंजूर यादीतून वाच. जाहिरातीची भाषा सगळीकडे सारखीच असते, त्यांचा कल खरा कळतो तो यादीतून.

आपल्या जवळचंही एक सांगतो. महाराष्ट्र जनुक कोशाचं काम 2014 ते 2019 या काळात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने आधी लहान प्रमाणावर झालं. पिकांची स्थानिक वाणं, देशी जनावरं, गोड्या पाण्यातली जैवविविधता असे त्यात विषय होते. एप्रिल 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच कामाला पाच वर्षांसाठी 172.39 कोटी रुपये मंजूर केले. लहान रकमेचं काम नीट करून दाखवलं, म्हणून मोठी रक्कम मागायला तोंड राहिलं. तुम्हीही पहिल्याच खेपेला कोटीची मागणी करू नका. दहा-पंधरा लाखांचं, चार तलावांचं काम मागा आणि ते वेळेत पुरं करा.

आता कागद. यात मन रमत नाही, पण पहिल्या चाळणीत प्रस्ताव याच्यावरच गळतात, विज्ञानावर नव्हे. संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन, दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. खासगी संस्थेकडे अनेक सरकारी योजना केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता मागतात. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून त्या अर्जाला आजच लाग. परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए नोंदणी हवी आणि खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. जुन्या सल्लागारांच्या तोंडी अजून 'सर्ब'चं, म्हणजे केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचं, नाव असतं, पण 2023 च्या कायद्याने ते काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेलं. जुने नमुने कुणाकडून आणून भरू नकोस.

परवानग्याही आधी. कोका अभयारण्याकडच्या तळ्यांवर नमुने घ्यायचे असतील तर वनविभागाची, गावतलावांसाठी ग्रामपंचायतीची आणि तिथल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची, ठेक्याच्या तलावावर मच्छीमार सहकारी संस्थेची. ढिवर बांधवांना नुसतं 'लाभार्थी' लिहू नकोस. त्यांच्या ज्ञानावर प्रस्ताव उभा आहे, तर अंदाजपत्रकात त्यांच्या दिवसाची मजुरी लिही, मानधन म्हणून, दररोजचा दर लावून. मी स्वतः लिहिलेल्या एका प्रस्तावात हे राहून गेलं होतं. काम सुरू झाल्यावर तीन महिने ज्यांनी नाव चालवली, जाळी टाकली, त्यांना द्यायला एकही शीर्ष नव्हतं. त्याची लाज मला आजही वाटते.

अंदाजपत्रक शेवटच्या रात्री करायचं नसतं. मी एक मोठा प्रकल्प हातचा गेलेला पाहिला आहे, कारण उपकरणाचं जुनं दरपत्रक जोडलं होतं. संशोधन संस्थांना उपकरणावर पाच टक्के जीएसटीची सवलत होती, ती 18 जुलै 2022 पासून गेली आणि अठरा टक्के लागू झाला. दहा लाखांच्या यंत्रावर एक लाख तीस हजारांचा खड्डा पडला. तो कुठून भरणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. म्हणून दरपत्रक ताजं घे, त्यात कर, वाहतूक, बसवणी आणि पुढच्या वर्षांची देखभाल मोज. वीज जाते म्हणून नमुन्यांच्या फ्रीजरला इन्व्हर्टर लागेल, तोही लिही. संशोधन सहायकाचा पगार मनाने ठरवू नकोस. कनिष्ठ संशोधन अधिछात्राला 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे असं केंद्राचं मान आहे. पदानुसार जो दर जाहीर आहे तोच लाव. कमी लिहिलंस तर चांगला मुलगा टिकणार नाही, जास्त लिहिलंस तर समिती कापेल आणि पुढच्या शीर्षांकडेही संशयाने पाहील.

आणि पैसे आले की वेगळं खातं. त्या पैशावरचं व्याज संस्थेचं नसतं, सरकारला परत करायचं असतं. वित्तीय वर्ष संपलं की 12-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र. ते वेळेवर गेलं नाही की दुसरा हप्ता अडतो आणि पुढचा अर्ज करताना लोकांना तुमचं नाव आठवतं, पण चुकीच्या कारणाने.

वेळापत्रकाबद्दल मात्र जीव तोडून सांगतो, कारण हे शहरातल्या सल्लागाराला सुचत नाही. सरकारी मंजुरी आणि आपला पावसाळा यांचं एकमेकांशी काही नातं नाही. तीन वर्षांचा प्रकल्प नोव्हेंबरात मंजूर झाला तर पहिली माणसं नेमून, पहिलं यंत्र येईपर्यंत मे उजाडतो. रोवणी जुलैत, तलाव भरतात भाद्रपदापर्यंत, धान निघतं कार्तिकात आणि वैशाखात बोड्या, म्हणजे लहान तळी, तळाला लागतात. म्हणजे तीन वर्षांत तुझ्या हाती नीट दोनच हंगाम येतात. प्रस्तावात तीन हंगामांचं वचन देशील तर खोटी पडशील. पहिलं वर्ष जागा निवडणं, उपकरणं आणि माणसांचं प्रशिक्षण असं स्पष्ट लिही आणि मोजणी दोन हंगामांची ठेव. समितीत कुणी शेतकऱ्याच्या घरातला असेल तर ते एक पान वाचूनच तो ओळखेल की या मुली धानाच्या बांधीत उतरलेल्या आहेत.

उद्दिष्टं तीन पुरेत. प्रत्येकासमोर लिही: काय मोजणार, कशाने, किती वेळा आणि आकडा उलटा आला तर काय मानणार. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे असतं त्याला विज्ञान कळतं. गाळ काढल्याने मासे वाढतात असं तुम्हाला वाटतं, ठीक. पण गाळ न काढलेले दोन तलाव तुलनेला ठेवलेत का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा 39 गावांत काम होतं आणि 47 गावं तुलनेसाठी होती. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला आणि जगाने तो मानला तो या तुलनेमुळेच. ती गावं आपल्यासारखीच होती, पुरावा मात्र जगाला पटेल असा होता.

प्रस्ताव पूर्ण झाला की तो दोघांना वाचायला दे. एक त्या विषयातला, एक अगदी बाहेरचा. बाहेरच्याला पहिल्या पानावर कळलं नाही तर चूक त्याची नाही. संस्थाप्रमुखांची सही आणि शिक्का आठवडाभर आधी घे, ऐन दिवशी प्रमुख गावाला गेलेले असतात. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टलवर गर्दी होते, तेव्हा चार दिवस आधी चढव.

नाकारला गेला तर दोन दिवस तो कागद उघडू नकोस. मग परीक्षकांचे शेरे मागव आणि प्रत्येकाखाली उत्तर लिही. जिथे आपलं बरोबर असेल तिथेही आपण ते नीट सांगितलं नाही, असं धरून चाल. मी पाहिलेल्या चांगल्या प्रकल्पांतले कितीतरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला मंजूर झालेले आहेत.

या महिन्याच्या जाहिरातीला अर्ज करू नकोस. रविवारी करडीला ये. एक लोखंडी पाइप आणून त्यावर सेंटीमीटरच्या खुणा रंगवून ठेवतो आणि मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांशीही बोलून ठेवतो. इथल्या तलावाच्या तुडुंबाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीजवळ, तो रोवू, तुझ्या वहीत तारीख घालू आणि सोमवारी सकाळी पहिला आकडा लिहू.